कोंबड्या का नाही मेल्या?

“गोट्या, त्या पकडीवर बस! आणि काही झालं तरी उठू नकोस!”

गोट्या हौदाशेजारच्या दगडावर पडलेल्या पकडीवर धपकन बसला. “अगं ताई, टोचतेय!”

“टोचू दे! तिकडे मामाचं घर जातंय आणि तुला बुडाची पडलीय!” टिटवी म्हणाली. तोंड सतत चालू असायचं, म्हणून घरात तिला सगळे टिटवीच म्हणत.

सुट्टीत भावंडं मामाकडे आली होती. मामा दुग्धशाळेत गाई सांभाळायचा. काल संध्याकाळच्या वादळात कुरणातल्या लोखंडी हौदाजवळ चार गाई एकदम कोसळल्या. अंगावर ना जखम, ना भाजल्याची खूण. जवळच उभी असलेली पाचवी, एक कालवड, तेवढी वाचली. वीज पडली होती, पण ती पार दुसऱ्या टोकाच्या झाडावर! मुकादमाने सकाळीच निकाल लावून टाकला, “यानं फवारणीचा पंप हौदात धुतला असणार. विषबाधा!” आणि मालकीणबाईंनी मामाला संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं.

मामा भांडला नाही. तो गुपचूप ट्रंकेत कपडे भरत होता. मेलेल्यांत त्याची पांढरी गाय होती. ती आईविना वासरू असताना त्याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

टिटवी हौदाकडे गेली होती ती एकटीने रडायला. पण तिथे कोंबड्या हौदाच्या गळक्या नळीखालचं पाणी खुशाल पीत होत्या! काल वादळातही त्या हौदाखालीच दडल्या होत्या.

“ढापण्या, या का नाही मेल्या?” तिने गोट्यासोबत मागोमाग आलेल्या मावसभावाला विचारलं.

ढापण्याने चष्मा वर सरकवला. “विष कमी पडलं असेल.”

“शहाणाच आहेस! जे गाईला पुरलं ते कोंबडीला कमी पडेल?”

मग तिला हौदाला गुंडाळलेली कुंपणाची तार दिसली. तिघं तारेमागोमाग निघाली. लाकडी खुंटांवरून ती तार थेट त्या जळक्या झाडापर्यंत गेली होती आणि खिळ्याने खोडालाच ठोकलेली होती! खिळ्याभोवतीची साल फाटून लोंबत होती. नवा खुंट रोवायचा कंटाळा करून तार झाडाला ठोकणारा मुकादमच. परतताना त्याचं ओरडणं कानावर आलं, “कुंपणाची तार आत्ताच्या आत्ता काढायची! माझी पक्कड कुठंय?”

तार गेली की पुरावाही गेला, म्हणून तर गोट्याला पकडीवर बसवलं होतं. आता मुकादम समोर उभा होता. आभाळ पुन्हा काळवंडलं होतं.

“ए पोरा, ऊठ!”

“पाय मुरगळलाय, काका! आई गं!” गोट्या असा विव्हळला की टिटवीलाही क्षणभर खरं वाटलं.

मुकादम चरफडत हातानेच तार सोडवायला लागला. तेवढ्यात मालकीणबाई पशुवैद्य बाईंना घेऊन आल्या.

“डॉक्टरबाई, हे विष नाही!” टिटवी पुढे धावली. “वीज तारेतून इथवर आली!”

“पोरीची जीभ बघा!” मुकादम खेकसला. “मग कोंबड्या कशा वाचल्या? आणि ती कालवड?”

“तेच सांगतेय!” टिटवीने डबक्यात खडा टाकला. “हा खडा म्हणजे हौद. वर्तुळं बघा. मधे जोर जास्त, लांब जाईल तसा कमी. तशीच वीज जमिनीत पसरली. पाणी पिणाऱ्या गाईंचे पुढचे पाय या आतल्या वर्तुळात आणि मागचे त्या बाहेरच्या!”

“वीज वाहायला दोन जागांच्या जोरात फरक लागतो,” ढापण्या घाईने म्हणाला, “पाण्याला उतार लागतो तसा!”

“म्हणून ती एका पायातून शिरून अंगातून दुसऱ्या पायात गेली,” टिटवी म्हणाली. “कालवडीच्या खुरांचे ठसे बघा, ती हौदाला आडवी उभी होती. तिचे चारही पाय जवळपास एकाच वर्तुळात! आणि कोंबडीच्या पायांत अंतर ते केवढं?”

डॉक्टरबाई वाकल्या. त्यांनी हौदाशेजारी पडलेल्या पांढऱ्या गाईचं तोंड उघडलं. अर्धवट चघळलेला घास तसाच होता. “विषानं जनावर तडफडतं. ही जागच्या जागी गेलीय,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरगी बरोबर बोलतेय.”

दूरवर गडगडलं.

“तार सोडा, काका!” टिटवी किंचाळली. “परत पडली तर आता तुम्ही हौदाजवळ आहात!”

मुकादमाने विंचू चावावा तसा हात झटकला. सगळे गोठ्याकडे धावले. सगळ्यात पुढे गोट्या!

“बरा झाला वाटतं पाय,” मालकीणबाई धापा टाकत म्हणाल्या. मग त्या ट्रंक घेऊन निघालेल्या मामासमोर उभ्या राहिल्या. “चुकले मी. न विचारता दोष दिला. ट्रंक उघडा, कपडे परत लावा. तार कुणी ठोकली, ते मी आता बघतेच.”

मुकादम हळूच दाराकडे सरकला.

“मी इतकी वर्षं जनावरं तपासतेय,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण डबक्यात खडा टाकायचं मला सुचलं नसतं. शाबास रे पोरांनो!”

मामाने टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला.

पाऊस थांबल्यावर तो कुरणातून जनावरं आणायला निघाला. सवयीने त्याने खुंटीवरची पाच दावी उचलली. दारात थांबला. मग मागे फिरून चार पुन्हा अडकवली, आणि एक घेऊन कालवडीकडे गेला.