आधी बघून येते

दार उघडणाऱ्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. त्याच्या हातात कात्री होती, दंडाला चिकटपट्टी लटकत होती आणि मागे खोक्यांचा ढीग होता. मला घर दाखवायला आलेल्या एजंटबाईंना आत यायला वाट देता देता तो स्वतःशीच पुटपुटला, "झालं! आणखी एक बकरा."

चक्क माझ्या भाषेत. परक्या देशात, परक्या गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारात!

"बकरी म्हणा," मी म्हटलं.

कात्री खाली पडली. मग त्याने पाहिलं माझ्याकडे. साठीच्या आसपासचा उंच माणूस, केस पांढरे, भुवया मात्र अजून काळ्या. त्या भुवया इतक्या वर गेल्या की मला हसूच फुटलं.

"माफ करा," तो म्हणाला. "इथे दोन वर्षं मी जे मनात येईल ते मोठ्याने बोलतोय. कुणाला कळतच नाही ना."

मी तिथे का गेले होते, ते सांगते. मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स. सगळे मला सिस्टर म्हणतात... अगदी माझा सख्खा धाकटा भाऊसुद्धा. निवृत्तीला अर्धं वर्ष उरलं होतं. लग्न केलं नाही, आईचं करता करता ते राहूनच गेलं. आई गेली, भावाचं घर त्याच्या संसाराने भरलं, आणि माझ्या पेन्शनीत आमच्या शहरात एक खोलीही धड मिळेना. मग भाचीने हे गाव शोधून काढलं. समुद्रकाठचं, लहान, माणसं बरी, राहणं स्वस्त. भाऊ म्हणाला, "वेड लागलंय तुला. आगीतून उठून फुफाट्यात कशाला जातेस?" मी म्हटलं, "आधी बघून येते. फुफाटा असला तर परत येईन."

निघताना भाचीने बजावलं, "आत्या, तू फिरायला जात नाहीयेस. राहून बघायला जातेयस. समुद्राचे फोटो नकोत मला. कपडे किती वेळात वाळतात ते सांग."

तर एजंटबाईंनी घर दाखवायला सुरुवात केली. त्या इंग्रजीतून घराचं कौतुक करत होत्या आणि भाडेकरू महाशय त्यांच्याकडे बघून गोड हसत, मान डोलावत मला खरं काय ते सांगत होते.

"सकाळी या खोलीत काय सुंदर ऊन येतं!" बाई म्हणाल्या.

"येतं ना. चहा उकळेपर्यंत. मग समोरची इमारत ते जप्त करते."

"शेजार अगदी शांत."

"शेजारी शांतच आहेत. त्यांचा कुत्रा तेवढा गवई आहे."

"गरम पाणी कधीही."

"आधी स्वयंपाकघरातला नळ बंद करायचा, मग देवाचं नाव घ्यायचं. येतं."

मी हसू दाबण्यासाठी खोकले. एजंटबाई लगबगीने माझ्यासाठी पाणी आणायला गेल्या.

"इतकं वाईट आहे, तर दोन वर्षं राहिलात कसे?" मी हळूच विचारलं.

"वाईट कुठे म्हणालो? जसं आहे तसं सांगितलं."

"मग सोडताय कशाला?"

"मुलगा म्हणतो, परत या. खोली रंगवून ठेवलीय त्याने." एवढं बोलून त्याने नजर खिडकीकडे वळवली.

तीस वर्षं मी तोंडावर मास्क बांधलेल्या माणसांबरोबर काम केलं आहे. डोळ्यांवरून अर्धं उत्तर ओळखता येतं मला. हे अर्धंच होतं.

"बरं, तो चष्मा काढा पाहू," तो अचानक म्हणाला.

"काय?"

"केव्हापासून बघतोय, सारखा नाकावरून घसरतोय. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलंय मी. असला चष्मा बघवत नाही मला."

त्याने खिशातून बोटभर पेचकस काढला, दोन्ही दांड्यांचे स्क्रू पिळले, काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि चष्मा स्वतःच माझ्या डोळ्यांवर चढवला. कानामागे त्याची बोटं क्षणभर टेकली.

"समोर बघा. सरळ... माझ्याकडे."

"बघतेय."

चष्मा सरळ बसला आहे की नाही, एवढंच तो तपासत होता. हजारो गिऱ्हाइकांचं तपासलं असेल तसंच. पण मी मात्र लाजले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, खोक्यांच्या मधोमध, एजंटबाई पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या असताना!

* * *

दुसऱ्या दिवशी तो बाजारात भेटला. म्हणजे, मी कधी जाणार ते मीच त्याला सांगून ठेवलं होतं, आणि तो 'सहज' तिथे होता.

गाव दाखवायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं. पण झालं उलटंच. त्याला रस्ते ठाऊक होते, माणसं नव्हती. मासेवालीकडून तो दोन वर्षं मासे घेत होता, बोट दाखवून. मी हातवारे करून, चुकीचे शब्द वापरून तिच्याशी अशी काही हुज्जत घातली की तिने हसत हसत एक मासा वर टाकला आणि माझ्या गालाला खवल्यांचा हात लावला. शाळा सुटायच्या वेळी मी मुद्दाम गर्दीच्या बसमध्ये चढले, तेव्हा तो दाराला लटकत ओरडला, "सिस्टर, ही पाहणी आहे की शिक्षा?"

"नवी वधू सासर बघते, तसं बघावं लागतं गाव," मी म्हटलं. "फक्त दिवाणखाना बघून चालत नाही."

"मग सासर पसंत आहे का?"

"सासर ठीक आहे. बाकीचं अजून बघतेय."

त्याचे कान लाल झाले. मी खिडकीबाहेर पाहिलं, पण काचेत मला ते कान दिसतच होते.

कपडे वाळायला दीड दिवस लागतो, हे मी भाचीला कळवलं. ती म्हणाली, "आणि फोनवर मागे हसतंय कोण?"

"चष्मेवाले."

"कोण चष्मेवाले?"

"शेंगा खाल्ल्या की टरफलं मोजायचीच का? ठेव फोन."

उरला होता दवाखाना. माझ्या दृष्टीने तेच सगळ्यात महत्त्वाचं. टेकडीवरची एकमजली स्वच्छ इमारत होती. चष्मेवाले फाटकापाशीच थांबले. "तुम्ही या जाऊन. मी इथे बाहेर आहे."

मी आत अर्धा तास बसले. तिथल्या नर्सने प्रत्येक पेशंटनंतर हात धुतले. कचऱ्याचे डबे वेगवेगळे होते. रडणाऱ्या एका म्हातारीपाशी डॉक्टर खाली वाकून बोलत होता. मला आणखी काही नको होतं. बाहेर आले तर चष्मेवाले बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत.

"एवढा चांगला दवाखाना, आणि तुम्ही आतसुद्धा येत नाही?"

 मग त्यांनी सांगितलं. गेल्या थंडीत त्यांना ताप आला होता. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत पडून राहिले. उठवेना, तेव्हा न्हाणीघरात सरपटत जाऊन नळाचं पाणी प्यायले. कुणाला हाक मारावी, तर कुणाचं नाव ठाऊक नाही. नाव असतं तरी काय म्हणायचं, ते शब्द ठाऊक नाहीत. ताप आपणच उतरला. "पण तेव्हा कळलं सिस्टर... मी इथे मेलो असतो तर पहिल्यांदा एजंटबाईला कळलं असतं. भाडं थकल्यावर."

हसत म्हणाले ते. डोळे हसत नव्हते.

मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण हात धरून ताप जात नाही, एवढं मला धंद्याने शिकवलंय. "उठा," मी म्हटलं.

"कुठे?"

"आत. त्या नर्सला तुमचं नाव सांगायचं. तिचं विचारायचं. आणि ताप, खोकला, पोटदुखी, मदत... एवढे चार शब्द तिच्याकडून शिकून बाहेर यायचं. मी फाटकापाशी थांबते."

"मला जमणार नाही."

"मासेवालीशी मी भांडले, तेव्हा मला व्याकरण येत होतं का?"

गेले. चांगला वेळ लावला. बाहेर आले ते कान पकडून. 'पोट दुखतंय' म्हणायच्या ऐवजी ते 'पोट नाचतंय' म्हणाले होते, आणि सगळा दवाखाना खो खो हसला होता. सांगताना ते स्वतःच इतके हसले की त्यांना फाटकाचा आधार घ्यावा लागला. उतरताना पाऊस लागला. छत्री एकच होती, त्यांची. टेकडी संपेपर्यंत दोघांचाही एकेक खांदा भिजला, आणि जवळ सरकायचं धाडस कुणालाच झालं नाही. शेवटी मीच म्हटलं, "अहो, न्यूमोनिया झाला तर मलाच निस्तरावा लागेल." आणि त्यांच्या कोपरात हात घातला.

 त्यांनी चाल एकदम मंद केली.

* * *

ते घर घ्यायचं मी ठरवलं. ऊन थोडं, कुत्रा गवई, तरी मला ते आवडलं होतं. चष्मेवाले महिनाअखेरीस जाणार, हे काही मला रुचत नव्हतं. पण माणूस जातोय म्हणून गाव सोडायचं, हे काही शहाणपणाचं नव्हतं. मी एजंटबाईंना निरोप धाडला.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी एजंटबाईंचा फोन आला. घर आता रिकामं नाही. भाडेकरूने मुदत वाढवून घेतली.

मी तीन जिने एका दमात चढले. दार उघडंच होतं. खोकी फोडलेली होती आणि चष्मेवाले जमिनीवर बसून कपबशा परत फळीवर लावत होते.

"अभिनंदन," मी म्हटलं. "घर हवं होतं, तर सरळ सांगायचं. मी दुसरं बघितलं असतं."

"बसा ना आधी."

"उभीच बरी आहे."

"घर घेतलं नाही मी, अडवून ठेवलंय," ते उठत म्हणाले. "तुमची नोकरी संपायला अर्धं वर्ष आहे. बाई तुमच्यासाठी अर्धा दिवस थांबणार नाहीत. पुढच्या आठवड्यात कुणीतरी उचललं असतं."

"मग मला विचारायची पद्धत नाही?"

"विचारणारच होतो. धीर गोळा करत होतो. तेवढ्यात त्यांनी फोन केला."

"आणि तुमच्या मुलाने रंगवलेली खोली?"

"मुलाशी बोललो. रागावला थोडा. मग म्हणाला, बाबा, किती दिवसांनी तुमचा आवाज असा येतोय."

मी खुर्ची ओढून बसले. पाय दुखत होते, आणि राग टिकत नव्हता.

"हे बघा," मी म्हटलं. "माझ्यासाठी थांबत असाल तर नका थांबू. उद्या माझं मन फिरलं, तर पुन्हा तुम्ही, तो ताप आणि तो नळ."

"तुमच्यासाठी नाही थांबत. तुमच्यामुळे थांबतोय," ते म्हणाले. "फरक आहे त्यात. दोन वर्षं मी या गावात पाहुण्यासारखा राहिलो आणि गावाला नावं ठेवली. काल एकटाच मासेवालीकडे गेलो होतो. तुम्ही कुठे आहात, विचारत होती. मला कळलं, सिस्टर! तिचं वाक्य मला कळलं."

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला खाली बघावं लागलं.

"बरं. आणि मी आल्यावर?"

"तुम्ही आल्यावर मी खालच्या गल्लीत एखादी खोली बघीन. किंवा..."

"किंवा?"

त्यांनी हातातली बशी पुसली. पुसलेलीच होती, तरी पुन्हा पुसली.

"सिस्टर, ऑपरेशनच्या आधी माणसाला भूल देतात."

"इथे भूल नाही मिळणार. बोला."

"किंवा... नाही बघणार."

समोरच्या घरात कुत्र्याने आलाप घेतला. आम्ही दोघंही तो संपेपर्यंत थांबलो. खूप लांब होता.

"मी आजवर कुणाबरोबर घर केलेलं नाही," मी म्हटलं. "सकाळी चहा होईपर्यंत मला बोललेलं चालत नाही. ओला टॉवेल पलंगावर चालत नाही. मी हुकूम सोडते, सवयीने. तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. आणखी?"

"आणखी... मला तुम्ही आवडता. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलतेय. चुकलं असेल तर सांभाळून घ्या."

त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसले — एक गुडघा कटकन वाजला — आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. "व्याकरण अगदी बरोबर आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला आले. सामान ठेवलं. मी खिडकीशी बसले. बस सुटली, आणि पाहते तर महाशय माझ्या शेजारच्या सीटवर!

"अहो, तीन तासांचा रस्ता आहे. परत कसे येणार?"

"बसनेच. मला काय काम आहे दुसरं?"

गाव मागे पडलं तेव्हा भावाचा फोन आला. "काय गं सिस्टर, झाली का पाहणी? मिळालं घर?"

"मिळालं."

"भाडं काय?"

"अर्धं."

"अर्धं? एवढं स्वस्त?" त्याचा आवाज चढला. "अगं, मग काहीतरी खोट असणार त्यात. नीट बघितलंस ना?"

मी शेजारी बघितलं. चष्मेवाल्यांनी हात तसाच माझ्या हातात ठेवून डोळे मिटले होते. पण ओठांच्या कोपऱ्यावरून कळत होतं की त्यांना सगळं ऐकू येतंय.

"बघितलं ना," मी म्हटलं. "खोट आहे थोडीशी. पण मला चालेल."