जून फांद्या

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या नर्सरीत मी जांभळाचं कलम आणायला गेले होते. तीन दिवसांची झड लागलेली, चपलेत चिखल, ओढणी ओलीचिंब, आणि माझं डोकं आधीच तापलेलं. एका काटेरी रोपावर पाटी होती — ब्लॅकबेरी.

"जांभळाले इंग्रजी नाव देऊन भाव वाढवता का हो?" मी मोठ्यानं विचारलं.

मागून आवाज आला, "जांभूळ नाही ते, ताई. जीभ मात्र तशीच जांभळी होते."

वळून पाहिलं. ओला शर्ट, हातात खुरपं, आणि डोळ्यांत हसू... मी उगीचच रोपाची पानं मोजू लागले.

"ताई नका म्हणू."

"मंग काय म्हणू?"

"निशिगंधा."

"नाव फुलाचं, आन् घरी काटे नेऊन राह्यल्या?"

जांभळाचं कलम तिथंच राहिलं. मी काटे घेऊन बोरी अरबला आले.

त्याचं नाव संघदीप. आमच्या गावच्या बाजाराला नर्सरीची गाडी यायची, तिच्यावर तो असायचा. बाजार आटोपला की "झाड पाहून जातो" म्हणून आमच्या अंगणात. त्यानं दोन खांब रोवले, तार ओढली, फांद्या एकेक करून तारेला बांधल्या. बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरायचं, पश्चिमेकडून हिरवी जाळी लावायची, हे सगळं त्यानं शिकवलं. माझ्या बोटात काटा मोडला तर काढायला त्याला इतका वेळ लागायचा... मीही घाई करत नव्हते म्हणा!

पहिल्या उन्हाळ्यात सहा-सात फुलं आली आणि मेच्या झळेनं करपली. त्या करपलेल्या फुलांसमोरच तो म्हणाला, "किसनरावांशी बोलू का मी?"

किसनराव म्हणजे माझे बाबा. संघदीपच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आमच्या देवघरात गजानन महाराज. मधे काय आहे ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"पागल झाला का? झाडाले फळ तर येऊ दे. पहिलं फळ आलं का मीच सांगीन बाबाले."

"खरंच?"

"तुझी शपथ."

त्याला ते फार गोड वाटलं. मी मात्र वेळ मारून नेत होते. दुसऱ्या कुणाला नाही, पण मला ते तेव्हाच कळत होतं.

जूनमध्ये त्याला पाचगणीच्या एका मळ्यावर काम मिळालं आणि तो गेला. मी झाडाची अशी सेवा केली की आई म्हणाली, "सासू-सासऱ्याची कर अशी." डिसेंबरमध्ये त्याचा मेसेज आला —

'जून फांद्या बुडातून काप. बाकीच्याले हात लावू नको. आई पोरी पाहून राह्यली. एप्रिलमधे येतो, तवा काय ते सांग.'

मी शेवटची दोन वाक्यं वीस वेळा वाचली आणि पहिलं एकदाच. जूनमध्ये फुटलेल्या आठ हिरव्यागार फांद्या होत्या. फूल नाही, कळी नाही, नुसत्या उंडारलेल्या. कात्री घेतली आणि आठही बुडातून साफ! हात ओरबाडून निघाले. त्याच्यासाठी ओरबाडले, म्हणून तेही आवडले.

एप्रिलमध्ये तो आला. अंगणातल्या निंबाखाली बाबा बाजेवर पडले होते, तोंडावर दुपट्टा. त्यानं तिकडे पाहून हात जोडले आणि सरळ तारेपाशी गेला. तारेवर तपकिरी वाळकी लाकडं लोंबत होती.

"हिरव्या कुठी गेल्या?"

"कापल्या. तूच त सांगितलं... जूनच्या काप म्हणून."

"जूनच्या नाही गं. जून! जून झालेल्या, म्हाताऱ्या. यंदाची फांदी पुढच्या साली फळते. फळ त्याच आठांले येणार होतं."

भेंडी जून होते, काकडी जून होते, वांगं जून होतं. रोज तोंडी असलेला शब्द, आणि मी त्यात महिना वाचला! त्याला हसू फुटलं, मलाही फुटलं. दोघंही तोंड दाबून हसलो. किती दिवसांनी हसत होतो आम्ही...

मग तो थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "जाऊ दे फळ. बाबा हाय, मी हाय. आता सांग."

बाज दहा पावलांवर होती. मी वाळकी फांदी हातात धरून उभी. तोंडात शब्द होता, खरंच होता — पण बाहेर आला तो भलताच.

"पुढच्या साली येईल ना रे फळ?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"फळ येईल," तो म्हणाला. "मी नाही येणार."

जाताना त्यानं फाटकाची कडी नीट लावली. मी हाक मारली नाही. त्या संध्याकाळी फोनवर पाच वेळा 'थांब' लिहिलं आणि पाचही वेळा पुसलं. मेमध्ये त्याच्या लग्नाचे फोटो आले. पांढऱ्या साडीतली नवरी त्याच्याकडे पाहून लाजत होती. तिचा मला रागही येईना. जीव मात्र कशातच राहिला नाही.

एका सकाळी चहा पिताना बाबांनी सहज विचारलं, "तो नर्सरीवाला पोरगा आता येत नाही का वो?"

आणि मी फुटले. नर्सरी, शपथ, आठ फांद्या, सगळं हुंदक्यांत सांगून टाकलं. बाबांचा चहा निवून गेला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी मी जागाच होतो माय," ते म्हणाले. "दुपट्ट्याखाली घामानं वला झालो, पण हाललो नाही. वाटलं, पोरगी आता बोलन... आता बोलन."

"तुम्ही हो म्हटलं असतं बाबा?"

त्यांनी कपातला निवलेला चहा अंगणात ओतला.

"मले नाही माहीत," ते म्हणाले. "तू विचारलंच नाही."