सव्वीस नंबरची पट्टी

जोडाची ताकद बघायला वर्कशॉपच्या यंत्रात वाकवलेली पोलादी पट्टी मधोमध तडकली.

परीक्षक इर्मा पोब्लेते यंत्रापाशी उभी होती. तालकाहुआनो बंदराच्या या गोदीत ती वर्षातून एकदा यायची, वेल्डरांची परीक्षा घ्यायची आणि निघून जायची. परीक्षकाला कोणी जेवायला बोलवत नाही. एकवीस वर्षं झाली तरी तिला ते टोचायचं.

"सव्वीस नंबर, नापास," ती म्हणाली.

सव्वीस नंबर म्हणजे निएवेस कार्कामो. सोळा वर्षं जहाजांचे पत्रे जोडले, पण हातात कागद एकही नाही. उत्तरेच्या खाणीत तिची नोकरी ठरली होती. शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र पोचलं नाही तर ती नोकरी गेलीच म्हणायची.

"बाई, हा जोड माझा नाही. काल तुमच्या डोळ्यांदेखत नंबर ठोकला, मग जोडायला घेतलं. माझा जोड असा तुटेल?"

"नापास झालेले सगळे हेच म्हणतात."

तरी इर्मा तुकडे घेऊन खिडकीशी गेली. जोडाला लागून ठोकलेला २६ चकाकत होता. जोडाच्या पोटात नखाएवढा धातूचा मळ राहिला होता, अगदी मध्यावर. बाकी सगळा जोड देखणा. मग तिने परीक्षेला बसलेल्या दुसऱ्या वेल्डरला, येर्कोला, बोलावलं. खाणीतल्या त्याच जागेवर त्याचाही डोळा होता.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"फुटबॉल खेळत होतो. अख्ख्या गल्लीला विचारा. पट्ट्यांच्या कपाटाला कुलूपसुद्धा नाही, मग मीच का?"

"तुझी पट्टी पास झाली, पण जोड किती ओबडधोबड!"

"टोमणे मारायला बोलावलंत होय?"

"नाही रे, सोडायला. जा."

गोदीतल्या सगळ्यांना वेल्डिंग शिकवणारे बाल्दोमेरो मास्तर आपल्या खोलीत शेगडीवर चहा करत होते. त्यांनी दोन कप भरले आणि एक रिकाम्या स्टुलापुढे सरकवला.

"कोण येणार आहे?"

"निएवेस. बायको गेल्यापासून माझं खाणंपिणं तिच्याच सोबतीने. घरी काय, भिंतींशी बोलायचं."

इर्माला पुढचं विचारवेना. पण विचारणं भाग होतं.

"मास्तर, पट्टीवर नंबर कधी ठोकतात?"

"जोडायच्या आधी. शेंबड्या पोरालाही..." मास्तर अडखळले.

निएवेस दारात येऊन उभी होती. इर्माने तुकडा टेबलावर ठेवला.

"आधी ठोकलेला नंबर जोडाच्या आचेने काळानिळा पडतो. हा चकचकीत आहे. म्हणजे ही पट्टी जोडून थंड झाल्यावर कोणीतरी तिच्यावर नंबर ठोकला. का? तर ती हवी तशी बिघडेल याची त्याला आधी खात्री नव्हती. आणि चूक एकच, नेमकी मध्यावर. कच्चा हात सगळीकडे चुकतो. मुद्दाम एकदाच चुकेल असा हात इथे दोघांचा. निएवेस स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेईल? राहिलात तुम्ही."

मास्तरांनी हातातला कप खाली ठेवला.

"तीन पट्ट्या केल्या," ते म्हणाले. "पहिल्या दोन चांगल्याच झाल्या. हात ऐकेना."

"हिची पट्टी कुठे आहे? तुम्ही ती फेकली नसणार."

त्यांनी स्टुलाखालून टॉवेलात गुंडाळलेली पट्टी काढून दिली. नंबर काळानिळा होता. वर्कशॉपमधल्या यंत्रात ती पार दुमडली, पण कुठे बारीकशी चीरही गेली नाही. खोलीत परतून इर्माने प्रमाणपत्रावर सही केली.

"मास्तर, अहवालात तुमचं नाव येईल. यापुढे शिकवता येणार नाही."

"लिहा."

निएवेस स्टुलापाशी आली.

"मला थांब म्हणायचंत ना, मास्तर."

"थांबली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच म्हणालो नाही."

निएवेसने गार झालेला चहा उभ्यानेच संपवला. कप विसळला, पुसला आणि आपल्या पिशवीत टाकला. सोळा वर्षांत तो कप कधी खोलीबाहेर गेला नव्हता.

"येते, मास्तर."

ती गेल्यावर मास्तरांनी पुन्हा आधण ठेवलं, सवयीने दोन कपांचं.