समेळांच्या शिल्पाचा नवलांक

मोरेश्वर समेळांच्या शिल्पाचा नवलांक बावीस आला. चाळिसाच्या खाली आलेलं शिल्प संग्रहालय ठेवत नसे.

"यंत्र बिघडलंय," समेळ म्हणाले. "परत लावा."

"तिसऱ्यांदा लावलंय, काका," मूल्यमापन करायला संग्रहालयात आलेल्या डॉ. शर्वाणी हुद्देदार म्हणाल्या. "आकडा तोच येतोय."

दगडाच्या मूर्तीची किंमत ठरवणं त्या काळातही सोपंच होतं. डोकेदुखी होती ती हलत्या शिल्पांची. जे शिल्प म्हणजे मुळात नुसती हालचाल आणि उजेड, त्याचं चित्रण भिंतीवर दाखवलं तर अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली, यावरून बाजारात वर्षानुवर्षं भांडणं चालली. मग भाकितयंत्र आलं. ते शिल्पाकडे तासभर पाहत बसे आणि मग शिल्प पुढे काय करणार ते आधीच पडद्यावर दाखवू लागे. जेवढं आधी सांगता आलं तेवढं शिल्पावाचूनही दाखवता येणार, म्हणून त्याचं मोल शून्य. जे सांगता आलं नाही, त्याचं शंभरातलं प्रमाण म्हणजे नवलांक. तो कमी पडला की शिल्पाचं 'छायांतर' करायचं, म्हणजे हालचाल यंत्रात साठवायची आणि धातू आटवायला पाठवायचा. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी जन्मात एक खिळा तरी ठोकला होता की नाही, देव जाणे.

समेळ जातीचे तांबट. त्यांच्या शिल्पात पितळेची पानं दोन धातू जोडून केलेल्या पट्ट्यांवर बिजागरीनं टांगलेली होती. दिव्याच्या उबेनं पट्टी वाके, पान फिरे, दिवा झाकला जाई, पट्टी निवे आणि पान परत येई. समोरच्या भिंतीवर सोनेरी कवडसे धावत. पानं त्यांच्या पत्नीनं, इंदुमतीबाईंनी, हातोडीनं ठोकून घडवली होती. त्या गेल्यावर समेळांनी नवं काही केलं नव्हतं. छायांतरात कवडसे उरले असते, बाईंच्या हातोडीचे ठसे नाही.

"मागच्या पाहणीत एकसष्ट होता," शर्वाणीबाई म्हणाल्या. "मध्ये काही केलंत का तुम्ही?"

"मी काय करणार? चिंच लावून घासलं फक्त. बिजागरीत हिरवा कळंक चढला होता, तो खरवडला, तेल सोडलं. पाहुणे यायचे म्हणजे तांबटाच्या घरचं पितळ काळं ठेवतात काय?"

शर्वाणीबाईंनी डोळे मिटले. "काका, त्या कळंकामुळेच पानं अडायची. कधी अडतील, कधी सुटतील, ते यंत्राला सांगता यायचं नाही. तोच तुमचा नवलांक होता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. समेळांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मी वर्षाची मुदत देऊ शकते," बाई म्हणाल्या. "कळंक पुन्हा चढू दे."

कोणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता. पण समेळांचं डोकं फिरलं होतं. "मुदतीची भीक नको. शिल्पकारानं स्वतः हातानं हलवलेलं चालतं ना नियमात? मग आत्ताच दाखवतो."

त्यांनी एक पान ढकललं, मग दुसरं. आकडा जरासा चढला आणि घसरायला लागला. त्यांनी डावा हात वापरला, मध्येच थांबले, पाठ करून ढकललं. आकडा अकरावर आला.

"हे कसं शक्य आहे?"

"हाताआधी खांदा हलतो, खांद्याआधी श्वास बदलतो. यंत्राला तेवढं पुरतं," बाई हळूच म्हणाल्या. "माणूस पितळेपेक्षा सोपा असतो, काका. थांबा आता."

पत्र्यापेक्षा सोपा! पन्नास वर्षं ज्या हातांनी धातू वाकवला, त्या हातांचा हा पाणउतारा समेळांना सोसवेना. दुरुस्तीसाठी आणलेला हातोडा त्यांनी उचलला. एवढं तरी या डबड्याला आधी कळायचं नाही, असं म्हणत त्यांनी घाव घातला, पुन्हा घातला, सगळी पानं खाली येईपर्यंत घालत राहिले.

मग ते खाली बसले. एक चेपलेलं पान त्यांनी मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं सरळ करू लागले. ते होईना. त्यांना रडू आलं.

"हे आलं होतं पडद्यावर?"

"आलं होतं. तुम्ही हातोड्याकडे बघायच्याही आधी."

"मग माझा हात धरायचा होता. दोन पावलांवर तर होतात."

"पडद्यावर मीही दिसत होते," शर्वाणीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी जागची हलत नाही, असं दाखवत होता तो."

"आणि म्हणून हलला नाहीत?"

उत्तर द्यायला शर्वाणीबाईंनी तोंड उघडलं, आणि आधी पडद्याकडे पाहिलं.