एकही चौकट रिकामी नको

माझं काम वेबसाइट बनवायचं आणि सवय वाईट. जिथे चित्र हवं तिथे राखाडी चौकट ठेवायची आणि म्हणायचं, बघू नंतर. त्या सोमवारी दुकानदाराचा वैतागून फोन आला. म्हाताऱ्या माणसांना लागणाऱ्या वस्तूंचं त्याचं दुकान: काठ्या, वॉकर, बाथरूममध्ये धरायचे स्टीलचे दांडे. "साहेब, ही साइट आहे की फरशीचं दुकान?"

मग एकदाचा मुहूर्त लागला. कोड लिहून देणारा माझा एआय सहायक मी चित्रं बनवणाऱ्या टूलला जोडला. अर्ध्या तासाचं काम. सहायक रिकाम्या चौकटी शोधणार, हव्या त्या चित्राचं वर्णन टूलला पाठवणार आणि आलेलं चित्र जागेवर बसवणार. वर सूचनाही लिहिली: एकही जागा रिकामी ठेवू नकोस, मला विचारत बसू नकोस.

काठ्या छान आल्या. वॉकरही आले. दांड्याच्या पानावर आलेलं बाथरूम मात्र बाबांचं होतं.

म्हणजे, तसं वाटलं. फिकट हिरव्या टाइल्स, नळाशेजारची कोपरा उडालेली टाइल, तारेने बांधलेली बादलीची कडी. अशी बाथरूमं हजार असतील, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नये. पण साबणाखाली शाम्पूचं टोपण होतं. साबण विरघळू नये म्हणून बाबा ते ठेवतात, आणि हे करणारा दुसरा माणूस मी जगात पाहिलेला नाही. दांड्याच्या पानावरच्या त्या चित्रात दांडा तेवढा नव्हता.

त्या घराचा एकही फोटो माझ्या कॉम्प्युटरवर नाही. सहायकाने टूलला काय पाठवलं ते उघडून पाहिलं. एकच ओळ होती: "बाथरूम, मुलगा येण्याआधी."

बाबा एकटे राहतात, बसने चाळीस मिनिटांवर. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला, थोडक्यात निभावलं. दांडा मी त्याच आठवड्यात आणला होता. तो माझ्या टेबलाखाली पडून होता. जगाच्या बापांना दांडे विकतोय आणि इथे दिव्याखाली अंधार! ताई फोनवर रोज झापायची, "तुझं हे 'बघू नंतर' एक दिवस अंगाशी येणार आहे."

वर्णन पुसून पुन्हा चालवलं. तेच बाथरूम आलं, आता फरशी ओली होती. "बाथरूम, मुलगा अजून आला नाही."

तिसऱ्या चित्रात ओल्या फरशीवर बाबांची एकच चप्पल पडली होती. उलटी.

फोन लावला, बाबा उचलेनात. दांडा आणि ड्रिल पिशवीत कोंबून मी धावत सुटलो.

बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. "फोन? चार्जिंगला लावलाय आतल्या खोलीत. तुला एवढा घाम कशाने आलाय रे?"

काय सांगणार, कपाळ! मी ड्रिल काढून कामाला लागलो. तीन स्क्रू बसले. चौथ्याचं भोक पाडताना ड्रिलची बॅटरी संपली.

"चौथा नंतर बसवतो."

"नंतर म्हणजे पुढच्या जन्मी," बाबा हसले. मग दारापर्यंत आले. "बसला असतास थोडा वेळ."

"उद्या येतो," मी म्हणालो. काम पडलं होतं ना. आज त्या वाक्याची लाज वाटते.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. पिशवी मांडीवर घेऊनच खुर्चीत टेकलो. स्क्रीनवर सहायकाचा निरोप होता: "एक जागा रिकामी राहिली होती. भरली."

तेच बाथरूम. दांडा बसवलेला. स्क्रू मोजले.

चार.

दांड्यावर एक हात टेकलेला होता, बाकीचा माणूस चौकटीबाहेर. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग. मी माझा अंगठा पाहिला.

"बाथरूम, मुलगा आहे."

बाबांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. आवाज खुशीत होता. "अरे, परत आलास आणि आतून कसला फोन करतोस? चहा टाकलाय, ये बाहेर."

"बाबा, मी माझ्या घरी आहे."

"काय? ते ड्रिल बंद कर आधी, काही ऐकू येत नाही."

त्यांच्या मागे ड्रिल घरघरत होतं. माझं ड्रिल माझ्या मांडीवर होतं, गार पडलेलं.

"बाबा, ऐका माझं. ते बाथरूमचं दार उघडू नका."

ड्रिल थांबलं. तिकडे कोणीतरी काहीतरी म्हणालं. शब्द कळले नाहीत, आवाज कळला.

बाबांच्या चपला फरशीवर घासत निघाल्या.

"आलो रे, आलो," ते म्हणाले. मला नव्हे.