‘येतो’ म्हणून गेलेले श्रीरंगभाऊ

सरलाबाई दुपारची भांडी पालथी घालून निघाली, ती श्रीरंगभाऊंच्या फोटोला फूल वाहायला. भाऊ गेल्या महिन्यात वारले. सुरतेत उधन्यातल्या लूमच्या कारखान्याला आज सुट्टी, म्हणून शोकसभा तिथंच ठेवलेली. घरी सून सोनाली, दिवस भरत आलेली. तिला सांगून आली, आत्ता येते म्हणून.

भाऊ मोठा माणूस. पेपरात सिनेमावर लिहायचे. त्यांनी चांगलं म्हटलं की शिकलेली माणसं तिकीट काढायची. पण आपल्या खानदेशी लूमवाल्यांवर फिल्म काढायला आले, तर सरलाबाईच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून जेवले. तिला भाकरी थापतानाच कॅमेऱ्यात घेतलं. स्वतः मात्र फिल्ममध्ये कुठं दिसले नाहीत. नुसता आवाज.

आता तीच फिल्म लावायची होती. उजेड नको म्हणून कारखान्याचा राखणदार चिंधा यानं शटर खाली ओढलं, खिडक्यांना काळं कापड ठोकलं आणि व्हीसीआर सुरू केला. बंद लूमच्या तेलाचा वास अंधारात दाट झाला. टीव्हीत सरलाबाई भाकरी थापू लागली. थप, थप. मग भाऊंचा आवाज आला, "येतो, मावशी."

फिल्म घेतली तेव्हा ती गप्प राहिली होती. कॅमेऱ्यापुढं बोलायचं नाही, असं तिला बजावलेलं. पण निघणाऱ्याला असं कोरडं कोण पाठवतं? आता सवयीनं तोंडून गेलंच.

"या, भाऊ."

थाप थांबली. टीव्हीत चूल होती, परात होती, थापणारी नव्हती. मग चित्र हललं आणि दिसू लागला हाच कारखाना, मागच्या बाजूनं. बसलेल्या माणसांच्या पाठी. त्यांतली एक तिची. ती पाठ हळूहळू मोठी होत चालली. शेजारी प्रमिलाबाई डोळे पुसत बघत होती, जणू भाकरीच थापली जातेय.

सरलाबाईची मागं वळून बघायची छाती होईना. 'या'ला उलटा शब्द तिला ठाऊक होता. पण दारातल्या माणसाला तिनं तो जन्मात म्हटला नव्हता. घरची पोटुशी सून डोळ्यांपुढं आली, तेव्हा कुठं शब्द सुटला.

"जा... भाऊ."

कानामागून अगदी हळू आवाज आला.

"कुठं जाऊ, मावशी... दार लावलंय."

फिल्म संपली. शटर वर गेलं, माणसं पांगली. ती मात्र बसूनच राहिली. आपणच 'या' म्हटलं, आता घरी गेली तर भाऊ मागोमाग येणार. चिंधा कुलूप घेऊन उभा. तिनं त्याला विनवलं, आधी सोनालीला तिच्या भावाकडे पांडेसऱ्याला पोचव, मग मी हलते. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं पुटपुटत तो सायकलवर टांग मारून गेला.

परतला तो उन्हातच थबकला. आत येईना.

"सोनालीवहिनी नाही म्हणतात," तो म्हणाला. "म्हणाल्या, आई तर मघाच आल्या... भाकरी थापताहेत."

"आणि तू?"

"मी दारातून पाहिलं. पाठमोऱ्या होत्या. हाक मारली... बोलल्या नाहीत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग नजर न काढता त्यानं हात वर केला, कडी धरली आणि बाहेरूनच शटर खाली ओढलं.