उघडं कडं

चैत्री पौर्णिमेचा सूर्य अजून सह्याद्रीच्या कण्याआड होता. खाडीच्या मुखावर धुक्याचा पातळ पदर पसरला होता आणि त्या पदरातून पाणसर्जा किल्ल्याचे बुरूज, पाण्यात बसलेल्या जनावराने हळूहळू पाठ वर काढावी तसे, एकेक करून दिसू लागले होते. किनाऱ्यापासून हे बेट अवघ्या हजार हातांवर. पण त्या हजार हातांच्या पाण्यात एकेचाळीस दिवस एक तीनकाठी गुराब, मोठं लढाऊ जहाज, नांगर टाकून उभी होती, आणि समोरच्या किनाऱ्यावरची गोड्या पाण्याची एकुलती विहीर तिच्या तोफांच्या माऱ्यात होती.

गडाच्या टाक्यात पदाजी कुबल उतरला होता. त्याने वेताची काठी तळाला टेकवली, वर काढली आणि ओल्या खुणेवर अंगठा ठेवून मोजलं. काल सात बोटं पाणी होतं, आज पाच होतं. उद्या तीन, परवा एक. त्यानंतर गडावरची तीनशे बारा माणसं चिखल चाटणार होती.

पदाजी आरमारातला उडीचा गडी. दोन जहाजं भिडली की शत्रूच्या फळीवर पहिला पाय त्याचा पडायचा. वय सेहेचाळीस, डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली, आणि दोन्ही मनगटांत मिळून पाच कडी. आत तांब्याची सळी, वर सोन्याचा जाड पत्रा. साऱ्या किनाऱ्यावर इतकी कडी दुसऱ्या कोणाच्या हातात नव्हती.

गडाचे आणि आरमाराचे धनी असलेल्या दर्यासारंगांच्या घराण्यात कडं देण्याची एक रीत होती. ज्याला कडं मिळायचं, त्याने आधीची सगळी कडी भर दरबारात बखाणायची: कोणत्या पाण्यात, कोणत्या दिवशी, काय केलं. मग सोनार नवं कडं मनगटात चढवून हातोडी उचलायचा आणि विचारायचा, "साजलं?" गडावरच्या प्रत्येकाने, धन्यापासून भंडाऱ्यापर्यंत, "साजलं" म्हटलं, तरच कड्याची तोंडं ठोकून मिटवायची. एकही माणूस गप्प राहिला, तर कडं उघडंच राहायचं. पदाजीची चार कडी मिटलेली होती. तिसरं अकरा वर्षं उघडं होतं. त्याच्या तोंडांत जवाच्या दाण्याएवढी फट होती, आणि ती दिसेल त्या दोरात अडकायची.

टाक्याच्या पायऱ्या चढून तो वर आला तेव्हा हुजऱ्या उभा होता. "सुभेदार, दरबारात बोलावलंय. सहावं कडं आहे म्हणतात."

"कशाबद्दल?"

हुजऱ्याला ते माहीत नव्हतं.

दरबार म्हणजे सदरेवरचा फाटका गालिचा आणि ओठ सुकलेली माणसं. दर्यासारंग हैबतराव लोडाला न टेकता ताठ बसले होते. समोरच्या गुराबेचा धनी त्यांचाच धाकटा भाऊ, जिवाजीराव. वडिलांमागे आरमाराच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं, ते बारा वर्षं मिटलं नव्हतं.

"पदाजी," हैबतराव म्हणाले, "आपल्या मनगटांनी या घराण्याची लाज एकदा नव्हे, पाच वेळा राखली. सहाव्यांदा राखावी, अशी आमची इच्छा आहे. पंत, सांगा."

कारभारी विसाजीपंत देशावरचे. समुद्राने त्यांना अजून मळमळायचं. त्यांनी मसलत सांगितली. एक होडी काथ्याने आणि डांबराने भरायची, भर दुपारी पेटवायची आणि गुराबेच्या पोटाशी नेऊन भिडवायची. "होडीवर वल्ह्याला एक माणूस पुरे," ते म्हणाले.

पदाजीने सोनाराच्या हातातलं चकचकीत कडं पाहिलं. "कडं कामाच्या आधी?"

"कामानंतर आपण द्यायला सापडाल, याचा भरवसा नाही," पंत खाली बघत म्हणाले.

म्हातारा गोलंदाज बाबाजी खोकला. "बरं आहे. मेलेल्याच्या मनगटात घालायला सोनाराला वाकावं लागतं, त्याची कंबर धरलेली आहे."

एकदोघं हसले. सोनार नारोशेट हसला नाही.

"पंत," पदाजीने विचारलं, "गुराबेच्या तळात कोण आहे, ठाऊक आहे ना?"

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गडावरून तोफ डागली जाऊ नये म्हणून जिवाजीरावांनी किनाऱ्यावरच्या कोळी-गाबितांची ऐंशी माणसं, बायकापोरांसह, गुराबेच्या तळात कोंडली होती.

"ऐंशींपुढे तीनशे बारा आहेत," हैबतराव म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता, तहानेनेही असेल. "बखाण सुरू करा."

पदाजीने उजवं मनगट उचललं. "पहिलं कडं. मुरडेश्वराच्या पाण्यात, कार्तिक वद्य पंचमीला, गनिमाचं गलबत धरून आणलं. दुसरं. वेताळबांबर्डीच्या खाडीत, माघात, गनिमाच्या तोफा बंद पाडल्या." मग डावं मनगट. "तिसरं. दाभोळ्याच्या मुखात, ज्येष्ठ शुद्ध दशमीला, गनिमाची दोन गलबतं जाळली."

"गनीम कोण?"

आवाज बायकांच्या बाजूने आला. भागाबाई गवंडी उठून उभी राहिली होती. पाच मुलांतला शेवटचा गुणाजी तिला उरला होता. वाटणी झाली तेव्हा तो ज्या गलबतावर वल्ह्याला होता, ते गलबत जिवाजीरावांच्या वाट्याला गेलं. गलबताबरोबर तोही गेला. अकरा वर्षांपूर्वी याच सदरेवर ती गप्प राहिली होती. नंतरची दोन कडी दुसऱ्या गडांवर मिटली होती, तिथे ती नव्हती.

"बाई, बखाणात मध्ये बोलायची रीत नाही," पंत म्हणाले.

"गप्प राहायची रीत आहे ना? ती मी अकरा वर्षं पाळली. आता पाण्याविना जीभ टाळूला चिकटायच्या आत विचारते. पदाजी, तू दर वेळी गनीम म्हणतोस. नाव घे की त्याचं. तू त्याला पोहायला शिकवलंस."

"तो धन्यांचा हुकूम होता, बाई," बाबाजी हळूच म्हणाला. "धनी भांडतात, हात आमचे."

"मग कडी धन्यांच्या हातात घाला," ती म्हणाली.

हैबतरावांच्या भुवया चढल्या, पण ते बोलायच्या आत पदाजी बोलू लागला, आणि बखाणाचा ठरलेला सूर त्याच्या आवाजात नव्हता.

"गुणाजी गवंडी. सटवा जुवाटकर. रामा आणि लखमा मोंडकर, दोघे भाऊ. आणखी नऊ होते, त्यांची नावं मी शोधली नाहीत. गलबतं रात्रीपासून नांगरावर होती, माणसं झोपेत होती. पाण्यात उडी टाकणाऱ्यांना ओहोटीने दर्यात नेलं. एकही प्रेत लागलं नाही." तो थांबला. "काकी, तू गप्प राहिलीस ते बरोबर होतं."

"त्याने माझा लेक येत नाही."

"नाही येत." मग तो हैबतरावांकडे वळला. "धनी, मी होडी पेटवणार नाही. पण गुराब आज हलवतो. दोन घटका ऐकून घ्या, मग गर्दन मारायची तर मारा."

हैबतरावांनी बोल म्हणून हात हलवला.

पदाजीने गालिच्यावर बोटाने रेघ ओढली. "ही खाडी, हा गड, ही गुराब. तिच्यामागे चारशे हातांवर दातेरीचा खडक. आज पौर्णिमा, उधाणाचं पाणी. माध्यान्हीला पुरं भरेल, मग पंधरा घटका ओहोटी. सातव्या घटकेला ओढ सगळ्यात जबर असते, आणि ती खाडीकडून थेट दातेरीकडे जाते. गुराब एकाच नांगरावर आहे. त्या घटकेला नांगराचा दोर तुटला, तर दुसरा नांगर सोडायच्या आत ती खडकावर बसेल. पाणी उतरत जाईल तशी ती कलेल. मग एका बाजूच्या तोफा पाण्यात आणि दुसऱ्या बाजूच्या आभाळात. संध्याकाळी दातेरीपासून किनाऱ्यापर्यंत कंबरेएवढं पाणी राहतं. तळातली माणसं चालत काठाला लागतील, आणि आपल्या होड्या विहिरीला."

"हे उद्या का नको?" पंतांनी विचारलं. "रोज ओहोटी येतेच की."

"रोज दोन घटका उशिरा, आणि रोज जरा कमी ओढीची. आठ दिवसांनी भांगाचं पाणी, त्यात दोर तुटला तरी गुराब जागेवर डुलत राहील. पुढचं उधाण अमावास्येला. टाक्यात पाच बोटं आहेत, पंत."

"आणि दोर तोडणार कसा? फळीवर पहारा आहे."

"गेले एकेचाळीस दिवस आपण ओहोटीबरोबर झावळ्या आणि केर सोडतो. त्यांना तो बघायची सवय झाली आहे. आज एका झावळीखाली मी असेन."

नारोशेटने कडं पुढे केलं. "मग हे?"

"ते राहू द्या. उलट ही काढा, पोहताना जड होतात."

सोनाराने छिन्नी लावून चार मिटलेली कडी तोडली. उरलेल्या तिसऱ्या, उघड्या कड्याला हात घातला तेव्हा पदाजीने मनगट मागे घेतलं. "हे साजलेलं नाही. हे माझ्याबरोबर येऊ दे. तीन बोटांनी दोर धरवणार नाही मला. याची खोड कामाला येईल."

माध्यान्हीनंतरच्या सहाव्या घटकेला गडाच्या पाणदरवाजातून झावळ्यांचा ढीग सोडला गेला. तटावर तीनशे माणसं भिंतीआड बसली होती. भागाबाई तटातल्या एका जंगीच्या, बंदुकीच्या भोकापाशी होती, डोळा दगडाला लावून.

पाणी गार नव्हतं, पण ओढ त्याला वाटली होती त्याहून जास्त होती. पदाजीला हात मारावे लागले नाहीत. त्याला फक्त तोंड पाण्यावर आणि झावळी तोंडावर ठेवायची होती. गुराबेचं नाक मोठं होत आलं. मांडीएवढा काथ्याचा दोर तिरपा पाण्यात शिरत होता. तो दोराच्या बाजूने वाहून जाणार, तेवढ्यात त्याने डावा हात फेकला. बोटं घसरली. कड्याचं उघडं तोंड काथ्याच्या पिळात रुतलं, आणि सगळं शरीर मनगटाला लटकून ओढीत आडवं झालं.

त्याने कमरेचा कोयता काढला. पाण्याखाली एक हात, त्या खोलीवर तो कापू लागला. एक पेड तुटला. दुसरा तुटला. मनगटाची कातडी कड्याखाली सोलत होती. काथ्या भिजला की कापायला चिवट होतो, हे त्याला ठाऊक होतं. किती चिवट, ते आता कळत होतं. अर्धी घटका गेली असेल. फळीच्या आतून, पाण्याच्या रेषेपाशी, कोणीतरी लहान मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला तेच तेच गाणं म्हणत होती.

दोर थरथरू लागला तसा वरचा पहारेकरी वाकला. "अरे, झावळीला हात आहे," तो कोणाला तरी म्हणाला, चकित झाल्यासारखा. मग बंदूक वाजली.

गोळी खांद्यामागून शिरली. पदाजीचं डोकं पाण्याखाली गेलं आणि पुन्हा वर आलं. त्याचा डावा हात मेल्यासारखा झाला, पण तो हात आता त्याने धरायचा नव्हताच; कडं धरून होतं. उजव्या हाताने तो कापत राहिला. दुसरी गोळी लागली. तटावरून बाबाजीला फक्त एवढं दिसलं, की झावळी लाल झाली तरी उजवं कोपर वरखाली होत होतं.

शेवटचा पेड तोफेसारखा वाजला. गुराबेचं नाक एकदम वळलं. फळीवर धावपळ झाली, दुसरा नांगर कोणीतरी सोडला, पण तो तळाला लागायच्या आत गुराब दातेरीवर बसली. बसल्याचा आवाज गडावर पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ कोणी श्वास घेतला नाही.

पाणी उतरत गेलं. दोन घटकांत गुराब कलली. तांबूस उन्हात तळाची दारं फोडून माणसं बाहेर येऊ लागली. एकमेकांचे हात धरून, पोरांना डोक्यावर घेऊन, ती कंबरभर पाण्यातून किनाऱ्याला चालत गेली. ऐंशीतली अठ्ठ्याहत्तर आली. टेकताना फळी फुटली तिथे दोन बसली होती. गडाच्या होड्या रिकाम्या घागरी घेऊन विहिरीकडे सुटल्या.

एक होडी मात्र दुसरीकडे गेली. तीत बाबाजी होता आणि भागाबाई होती. काथ्या बुडत नाही. नांगराकडचा तुटका दोर ओहोटीत लांब पसरून तरंगत होता, आणि त्याच्या टोकाशी पदाजी होता. त्या दिवशी ओहोटीने झावळ्या नेल्या, फळ्या नेल्या, पहारेकऱ्याचं पागोटं नेलं. पदाजीला नेणं तिला जमलं नव्हतं. पिळात रुतलेलं कडं सोडवायला बाबाजीला सुरी लागली.

"हा तरी सापडला," भागाबाई म्हणाली, आणि होडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

वेढा उठला. पुढे काय व्हावं? वैशाखात दोघा भावांच्या मामांनी मध्यस्थी केली आणि ज्येष्ठात, पावसाने समुद्र बंद व्हायच्या आत, हैबतराव आणि जिवाजीराव पाणसर्जावर एका पंगतीला जेवले. बारा वर्षांचं वैर एका केळीच्या पानावर मिटलं. दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पदाजीला कोणी वारस नव्हता, तरी सहावं कडं द्यावं असा लोकांचा आग्रह होता.

विसाजीपंतांचा बोरू थांबला. "सरकार, बखाणात गनीम कोण लिहू?"

गालिचा नवा होता. त्यावर शेजारीशेजारी दोन लोड होते. हैबतरावांनी भावाकडे पाहिलं नाही. "ती एक घरातली गैरसमजूत होती," ते म्हणाले. "लढाई असं तिला म्हणू नये."

"मग बखाण कोण करणार?"

"मी," भागाबाई म्हणाली.

तिने पाचही कडी बखाणली. जिथे गनीम हा शब्द यायचा, तिथे ती थांबायची आणि नावं घ्यायची. राहिलेली नऊ नावं तिने गावोगाव फिरून आणली होती. मग म्हणाली, "सहावं. पाणसर्जाच्या पाण्यात, चैत्री पौर्णिमेला, ओहोटीच्या सातव्या घटकेला. तळातली अठ्ठ्याहत्तर माणसं चालत घरी गेली. गनीम कोणी नव्हतं."

नारोशेटने कडं ऐरणीवर ठेवलं, हातोडी उचलली. "साजलं?"

"साजलं," भागाबाई म्हणाली, अकरा वर्षांनी. तिच्यामागून सगळी सदर म्हणाली, पंत म्हणाले, दारात उभे असलेले किनाऱ्यावरचे लोक म्हणाले.

दोन आवाज आले नाहीत. हो म्हणावं, तर त्या दिवशी काय झालं ते कबूल करावं लागत होतं. दोघे भाऊ समोर पाहत राहिले.

नारोशेटने थोडा वेळ वाट पाहिली. रीत ती रीत. त्याने हातोडी खाली ठेवली.

भागाबाईने कंबरेच्या पिशवीतून तिसरं कडं काढलं, सहावं उचललं, आणि एकाच्या फटीतून दुसरं ओवलं. उघडी होती म्हणूनच ती एकमेकांत अडकली. ती साखळी तिने पाणदरवाजाच्या खिळ्याला टांगली आणि घागर घेऊन होडीकडे गेली.